पंडिता रमाबाई आणि शास्त्राचा अर्थ



आपल्याकडे आता घरोघरी बायबल आहे. तरीही प्रार्थना-समूहात एकच वचन धरून दोन घरे एकमेकांशी अबोला धरतात, हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून ह्या रविवारी पंडिता रमाबाईंची आठवण. त्यांचे केडगाव आपल्यापासून फार लांब नाही. पुण्याहून दौंडला जाताना ते स्टेशन लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून घरातील स्त्रियांना संस्कृत शिकविले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता म्हणून गौरविले. शास्त्र कोणी वाचावे, हा प्रश्न त्यांनी स्वतः भोगला होता.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे अँग्लिकन सिस्टर्स समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळीत होत्या. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीचा वृत्तांत त्यांना वाचून दाखविला. आधी ते घर पाहिले, मग तो अध्याय कळला! त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मात्र पुढे त्यांनी त्याच सिस्टर्सशी धर्मतत्त्वांवर वाद घातले. ख्रिस्तसभेचा अधिकार त्यांना पटला नाही. येथे आमची व त्यांची वाट वेगळी होते. शास्त्राचा अर्थ ख्रिस्तसभेच्या परंपरेसह लावावा, असे आपण कॅथलिक मानतो. पण लेखकाला काय सांगायचे होते, कोणत्या साहित्यप्रकारात त्याने ते लिहिले, हे आधी शोधावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६५ साली सांगितले आहे. ह्या शोधाचे कष्ट रमाबाईंनी घेतले.

त्या इब्री व ग्रीक शिकल्या. (आम्ही सेमिनरीत ग्रीकचा कंटाळा केला, हे कबूल करतो.) प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर शब्द मुक्तिसदनातील खेड्यापाड्यांच्या बायकांना उमगत नसत. म्हणून मूळ भाषांवरून, सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल भाषांतरित केले. छपाईचे काम केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूघरी गेल्या; संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

ह्या आठवड्यात समूहांनी योहान, अध्याय ४ घ्यावा. एका वचनावर न थांबता अध्याय पूर्ण वाचावा. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांनी संध्याकाळी यावे.