समजून घ्या : सामना संपतो, आकडे उरतात, खेळाची नोंद ठेवायला शिकवणारा वार्ताहर हेन्री चॅडविक कोण होता?

बीबी (ता. लोणार) : गावच्या मैदानावर टेनिस बॉलचा सामना सुरू असतो. बाउंड्रीला चुन्याची रेघ, माइकवर कॉमेंट्री आणि एका खुर्चीवर मोबाइल घेऊन बसलेला एक मुलगा. तो प्रत्येक चेंडूनंतर स्क्रीनवर बोट ठेवतो. सामना संपल्यावर कोणी किती धावा केल्या, कोणी किती विकेट घेतल्या, हे सगळे पाच मिनिटांत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते.

या मुलाचे काम साधे वाटते. पण खेळाचा तक्ता मांडून तो वाचकापर्यंत पोहोचवण्याची सवय ज्यांनी वृत्तपत्रांना लावली, त्यांत एक नाव फार वरचे आहे. ते म्हणजे हेन्री चॅडविक. खेळ होता बेसबॉल, शहर होते न्यूयॉर्क आणि काळ होता साधारण 170 वर्षांपूर्वीचा. चॅडविक कधी मोठे खेळाडू नव्हते. ते वार्ताहर होते. तरीही अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव आहे. असे का, ते पाहू.

आधी दोन ओळींत बेसबॉल

क्रिकेट माहीत असेल तर बेसबॉल समजायला वेळ लागत नाही. प्रत्येक संघात नऊ खेळाडू. एक जण चेंडू फेकतो, तो पिचर. दुसरा बॅटने टोलवतो आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील चार बेसना फेरी मारून परत आला की एक धाव. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. तीन जण बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. अशा नऊ इनिंग्ज.

इंग्लंडचा मुलगा, ब्रुकलिनचा वार्ताहर

चॅडविक यांचा जन्म 5 ऑक्टोबर 1824 रोजी इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. वडील जेम्स हे पत्रकार होते. हेन्री बारा वर्षांचे असताना, 1837 मध्ये, कुटुंब अमेरिकेत ब्रुकलिनला आले.

त्यांचे सावत्र भाऊ एडविन चॅडविक इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होते. कामगार वस्त्यांमधील घाण आणि मृत्यू यांचा संबंध आकडेवारीने दाखवणारा त्यांचा 1842 चा अहवाल सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. एका भावाने रोगराईचे तक्ते मांडले, दुसऱ्याने खेळाचे.

हेन्री आधी संगीत शिकवत. पुढे ते वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या देऊ लागले. हो, क्रिकेटच्याच. त्या काळी न्यूयॉर्क परिसरात इंग्लंडहून आलेल्यांचे क्रिकेट क्लब होते आणि त्यांचे सामने बातमीचा विषय होते. बेसबॉल हा संध्याकाळी मोकळे होणाऱ्या कारकून-कारागिरांचा विरंगुळा होता.

1856 मध्ये एका क्रिकेट सामन्यावरून परतताना हडसन नदीपलीकडील होबोकेन येथे त्यांनी ईगल आणि गॉथम या क्लबांमधील बेसबॉलचा सामना पाहिला. खेळ वेगवान होता आणि दोन-तीन तासांत संपणारा होता. हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ होऊ शकतो, असे त्यांना वाटले. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्क क्लिपर या साप्ताहिकात लिहू लागले. ब्रुकलिन ईगल या दैनिकाशीही त्यांचे नाते दीर्घकाळ राहिले.

बॉक्स स्कोअर म्हणजे काय?

त्या वेळी ना रेडिओ होता, ना टीव्ही. मैदानावर नसलेल्या माणसाला सामना कळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून, आणि वृत्तपत्रात जागा कमी. मग पूर्ण सामना दोन-तीन इंचात बसवायचा कसा?

चॅडविक यांनी क्रिकेटच्या धावफलकाकडे पाहिले. बेसबॉलचे साधे तक्ते त्याआधीही छापून येत, पण त्यात धावा आणि बाद एवढेच असे. 1859 च्या सुमारास चॅडविक यांनी त्याला भरीव रूप दिले. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे धावा, यशस्वी फटके, त्याने बाद केलेले फलंदाज, इतरांना बाद करण्यात केलेली मदत आणि क्षेत्ररक्षणातील चुका. हाच बॉक्स स्कोअर. आजही अमेरिकेत चाहते तो वाचून सामना डोळ्यांसमोर उभा करतात.

मैदानावर भराभर लिहिता यावे म्हणून त्यांनी खुणाही ठरवल्या. तीन स्ट्राइकवर बाद झाल्याची खूण म्हणून त्यांनी ‘स्ट्रक’ या इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर, म्हणजे ‘के’, घेतले. आज तिकडच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक हेच अक्षर लिहिलेले फलक लावतात.

1860 मध्ये त्यांनी संपादित केलेली बेसबॉलची पुस्तिका दहा सेंटला विकली जाऊ लागली. त्यात नियम होते, गुण कसे नोंदवायचे हे होते आणि खेळाडूंची आकडेवारी होती. म्हणजे खेळ आणि त्याचा हिशेब एकाच वेळी गावोगावी पोहोचला. खेळाडूंची सरासरी काढून तुलना करण्याची पद्धतही त्यांनीच रुजवली.

‘एक टप्पा आउट’ला विरोध

गल्ली क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला ‘एक टप्पा आउट’ माहीत आहे. सुरुवातीच्या बेसबॉलमध्ये हा अधिकृत नियम होता. एक टप्पा पडल्यावर झेल घेतला तरी फलंदाज बाद. चॅडविक यांना तो पोरखेळ वाटे. चेंडू हवेतच झेलला पाहिजे, यासाठी ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. अखेर 1864 च्या शेवटी क्लबांच्या संघटनेने नियम बदलला.

बीटवरचा वार्ताहर रोज तोच खेळ पाहतो. त्यामुळे त्यातील खोट त्याला इतरांआधी दिसते. चॅडविक नुसते बातमी देऊन थांबले नाहीत, ते नियम ठरवणाऱ्या समितीतही बसले. आजच्या पत्रकारितेत हे चालणार नाही. ज्यांची बातमी द्यायची त्यांच्याबरोबर बसून निर्णय घ्यायचे, यात अंतर राहत नाही. पण त्या काळी ती रेघ अजून आखली गेली नव्हती.

सट्टेबाजीशी वैर

खेळ लोकप्रिय झाला आणि मैदानाबाहेर सट्टा सुरू झाला. 1865 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबचे तीन खेळाडू पैसे घेऊन सामना हरल्याचे उघड झाले. 1877 मध्ये लुइव्हिल संघाच्या चार खेळाडूंवर कायमची बंदी आली. चॅडविक यांनी सट्टा आणि दारू या दोन्हींविरुद्ध सातत्याने लिहिले.

इथे आकड्यांचा आणखी एक उपयोग दिसतो. कोणी मुद्दाम झेल सोडला हे सिद्ध करणे कठीण. पण प्रत्येक चूक खेळाडूच्या नावावर लिहिली जाऊ लागली की, एरवी चांगला खेळणारा ठरावीक सामन्यातच का चुकतो, हा प्रश्न विचारता येतो.

त्यांचे कुठे चुकले?

चॅडविक यांचे आकडे निर्दोष नव्हते. पिचरने चार वेळा चुकीचा चेंडू टाकला की फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. चॅडविक यांच्या मते ती पिचरची चूक, फलंदाजाचे त्यात कर्तृत्व नाही. त्यामुळे संयमाने चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाला सरासरीत श्रेय मिळेना. उंच टोलेबाजीपेक्षा त्यांना चपळ क्षेत्ररक्षण आवडे, आणि ती आवडही त्यांच्या लेखनात उतरली.

फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो, हे मोजणारा आकडा अधिकृत व्हायला 1984 उजाडले. 2002 मध्ये ओकलंड या कमी पैशांच्या संघाने अशाच दुर्लक्षित आकड्यांवर खेळाडू निवडून मोठ्या संघांना घाम फोडला. ‘मनीबॉल’ हे पुस्तक आणि चित्रपट त्याचीच गोष्ट सांगतात. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत शिकवतात तेच इथेही खरे आहे : जे मोजाल तेच दिसेल आणि जे मोजणार नाही ते नसल्यासारखे वाटेल.

ज्यांची नोंदच झाली नाही

याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. डिसेंबर 1867 मध्ये बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना प्रवेश नाकारला. पुढे व्यावसायिक लीगमध्येही ही भिंत उभी राहिली आणि ती 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्या रूपाने मोडली. मधल्या काळातील असंख्य कृष्णवर्णीय खेळाडूंचे तक्ते मोठ्या वृत्तपत्रांत आलेच नाहीत. मेजर लीगने निग्रो लीगमधील आकडे आपल्या अधिकृत विक्रमांत मिसळले ते थेट 2024 मध्ये.

आपल्याकडे पळवणकर बाळू यांचे उदाहरण आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मलेल्या या फिरकी गोलंदाजाला चहाच्या वेळी वेगळे बसवले जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पण 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी घेतलेल्या 114 बळींची नोंद राहिली. तो आकडा कोणालाही खोडता आला नाही. 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

शेवटचा वाद आणि शेवटचा सामना

बेसबॉल कुठून आला, यावर चॅडविक यांचा त्यांचे मित्र, क्रीडासाहित्याचे व्यापारी अल्बर्ट स्पॉल्डिंग यांच्याशी वाद झाला. खेळ इंग्लंडमधील राउंडर्समधून आला, असे चॅडविक म्हणत. स्पॉल्डिंग यांना तो अस्सल अमेरिकी हवा होता. 1905 मध्ये समिती नेमली गेली. 1907 च्या अखेरीस तिने निकाल दिला की, अॅब्नर डबलडे यांनी 1839 मध्ये कूपर्सटाउन येथे बेसबॉल शोधला. प्रत्यक्षात त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. इंग्लंडमध्ये 1744 च्या मुलांच्या पुस्तकातही बेसबॉलचा उल्लेख आहे. म्हणजे तपशील वेगळा असला तरी दिशा चॅडविक यांचीच बरोबर होती.

विशेष म्हणजे वाद कडवट झाला नाही. चॅडविक स्पॉल्डिंग यांच्याच वार्षिक मार्गदर्शिकेचे संपादन अखेरपर्यंत करत राहिले. एप्रिल 1908 मध्ये, 83 व्या वर्षी, तब्येत बरी नसतानाही ते हंगामाचा सुरुवातीचा सामना पाहायला गेले. त्यानंतर न्यूमोनियाने गाठले आणि 20 एप्रिलला त्यांचे निधन झाले. ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड स्मशानभूमीत त्यांच्या स्मारकावर दगडी बेसबॉल आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील बेसबॉल वार्ताहरांनी आपली संघटना स्थापन केली.

1938 मध्ये त्यांची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. ही वास्तू आहे कूपर्सटाउनमध्ये, म्हणजे ज्या गावाची दंतकथा त्यांच्या मताविरुद्ध रचली गेली त्याच गावात.

बीबीच्या वाचकाने हे का वाचावे?

मराठीत वि. वि. करमरकर यांनी दैनिकातील क्रीडा पानाला स्वतंत्र ओळख दिली, कबड्डी आणि खो-खोलाही मानाची जागा दिली. पण तालुक्याच्या मैदानावरचा बहुतेक खेळ अजूनही कुठेच लिहिला जात नाही. चांगला खेळणारी मुलगी निवड चाचणीला जाते तेव्हा तिच्याकडे दाखवायला मागच्या हंगामाचा एक कागदही नसतो.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. चॅडविक यांच्याकडे कागद, पेन्सिल आणि रोज मैदानावर जाण्याची शिस्त होती. पुढच्या सामन्यात कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेल्या त्या मुलाला फक्त एवढे सांगा : झेल सोडला तर तेही लिही, आणि मुलींचा सामना असेल तेव्हाही असाच येऊन बस.