आप्पासाहेब भोसले यांची सबब

नागपुरास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं सीताबर्डीच्या टेकड्या पाहिल्याच असतील. त्या टेकड्यांवर ज्यांचें नशीब फिरलें, त्या आप्पासाहेब भोसले यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

सन १८१६ मध्यें दुसरे रघूजी भोसले वारले. त्यांचे पुत्र परसोजी हे शरीरानें व बुद्धीनें दुर्बळ; म्हणून राज्यकारभार चुलतबंधु आप्पासाहेब यांच्या हातीं आला. त्यांनीं त्याच वर्षीं कंपनी सरकारशीं तैनाती फौजेचा तह केला. पुढें ता. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी मरण पावले. तेव्हां आप्पासाहेब दूर चांद्यास होते. मरण नैसर्गिक होतें असें जाहीर झालें, व आप्पासाहेब गादीवर बसले.

नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस त्यांच्या फौजेनें सीताबर्डीवर कंपनीच्या पलटणींवर हल्ला केला, परंतु तिचा मोड झाला. आपण राज्याच्या स्वातंत्र्यासाठीं लढलों, असें म्हणण्यांत कांहीं लाज नव्हती. तथापि आप्पासाहेबांनीं रेसिडेंट जेंकिन्स यांस कळविलें कीं, हें सर्व आपल्या हुकुमावांचून झालें. अशा रीतीनें दोष शिपायांच्या माथीं गेला. आणि टेकडीच्या उतारावर जे पडले होते, त्यांस उत्तर देतां येत नव्हतें.

जानेवारी १८१८ मध्यें कडक अटींवर त्यांस गादी परत मिळाली. पण विश्वास परत मिळाला नाहीं. मार्च महिन्यांत, पेशव्यांशीं गुप्त संधान बांधल्याचा व परसोजींचा खून करविल्याचा आरोप ठेवून कंपनीनें त्यांस कैद केलें. आरोप करणारे त्यांचे शत्रूच होते, व उघड न्यायसभेपुढें निवाडा झाला नाहीं, हें आम्हीं सांगितलेंच पाहिजे. परंतु एकदां खोटी सबब सांगितलेल्या मनुष्याच्या नकारास वजन तें काय राहणार?

अलाहाबादेकडे नेत असतां मे महिन्यांत ते शिपायाच्या वेषानें निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनीं त्यांस आश्रय दिला. तेथून अशीरगड, मग पंजाब, व शेवटीं जोधपूर, असे ते भटकले. आणि १८४० मध्यें जोधपुरास परक्या राजाच्या आश्रयाखालीं वारले. खुनाचा डाग त्यांच्या नांवावरून अद्याप पुसला गेला नाहीं.

वाचकहो, आपला बैल शेजाऱ्याच्या पिकांत शिरला म्हणजे आपण गुराख्याकडे बोट दाखवितों. पंच कदाचित् सोडून देतात. परंतु पुढें आपण खरोखर निर्दोष असूं, त्या दिवशीं आपला शब्द कोण मानील, ह्याचा विचार आधींच करावा.