गेलेले मत परत मिळविणाऱ्या एमेलीनबाई

माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. लेख लिहिण्याचा सराव नाही. परंतु स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीविषयी लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून हे धाडस. माझ्या आजीला सवत होती. त्यामुळे अमेरिकेतील एमेलीन वेल्स यांची हकीकत मुलीने सांगितली, ती माझ्या मनातून जाईना.

एमेलीनबाईंचा जन्म १८२८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम गावी झाला. चौदाव्या वर्षी त्या मॉर्मन पंथात गेल्या, पंधराव्या वर्षी लग्न झाले. पहिले मूल तान्हेपणीच गेले. नवरा गेला तो परत आलाच नाही. मॉर्मन लोकांत त्या काळी एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल होती. त्याप्रमाणे नेवेल व्हिटनी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ते १८५० साली वारले. पदरी दोन मुली. बाईंनी शाळेत शिकवून पोट भरले. १८५२ साली डॅनियल वेल्स यांच्या त्या सातव्या पत्नी झाल्या. आणखी तीन मुली झाल्या. यजमान मोठे पुढारी, पण या घरी त्यांचे येणे क्वचितच. ते एकटेपण बाईंनी फक्त आपल्या रोजनिशीला सांगितले.

मॉर्मन लोक १८४७ पासून यूटा प्रांतात वसले होते. त्यांना स्वतःचे राज्य हवे होते. पण गव्हर्नर व न्यायाधीश वॉशिंग्टनहून नेमले जात. बहुपत्नीत्व आहे तोवर राज्याचा दर्जा नाही, असा तेथील सरकारचा हट्ट. बायकांना मत दिले तर त्याच ही चाल मोडतील, असे काही पुढाऱ्यांना वाटले. १८७० साली यूटाच्या कायदेमंडळाने बायकांना मताधिकार दिला. परंतु बायकांनी आपल्या पंथाविरुद्ध मत दिले नाही. मग तोच अधिकार सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला.

एमेलीनबाई १८७७ पासून ‘वुमन्स एक्स्पोनंट’ या स्त्रियांच्या पत्राच्या संपादक होत्या. १८७९ साली त्या वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेटल्या आणि आपल्या भगिनींची बाजू मांडली. उपयोग झाला नाही. १८८२ च्या कायद्याने बहुपत्नीक कुटुंबांतील स्त्रीपुरुषांचे मत गेले. १८८७ च्या कायद्याने यूटातील सर्वच बायकांचे गेले. कुमारिका असो, विधवा असो, दुसऱ्या पंथाची असो. त्याच वर्षी बाईंची धाकटी मुलगी लुई वारली. तरी पत्र बंद पडले नाही.

१८९० साली पंथप्रमुख वुडरफ यांनी नवी बहुपत्नी लग्ने थांबविण्याचे जाहीर केले. राज्य मिळण्याची वाट मोकळी झाली. १८९५ साली घटना लिहिताना, बायकांचे मत आता नको, असे म्हणणारे मॉर्मन पुरुषही निघाले. बाईंनी व त्यांच्या मैत्रिणींनी सभा भरविल्या, अर्ज केले. १८९६ च्या जानेवारीत यूटा राज्य झाले, आणि त्याच्या घटनेत स्त्रियांचे मत होते. तेव्हा बाई अडुसष्टाव्या वर्षाला टेकल्या होत्या. १९२० साली साऱ्या देशातील स्त्रियांसाठी मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली, तेही त्यांनी पाहिले. १९२१ साली त्या वारल्या.

सवतीचे दुःख सोसलेल्या बाईने त्या चालीची बाजू का घ्यावी, हे कोडे मला सुटत नाही. ती चाल मला मुळीच पटत नाही. माझ्या आजीने सवतीबरोबर एका चुलीवर जन्म काढला. तिला कोणी काही विचारलेच नाही. यूटातील बायकांना विचारले खरे, पण उत्तर आवडले नाही म्हणून विचारणेच बंद केले. दुसऱ्याला आवडेल तेच बोलावयाचे, तर ते मत आपले कसले? एमेलीनबाईंनी हे ओळखले होते.

आपल्याकडे मतदानाच्या दिवशी, घरचे सांगतील तिथे शिक्का, असे म्हणणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मीही त्यांतलीच होते. आता तसे करणार नाही.