लुई ब्रेल : सहा टिंबांची लिपी

वाचन-लेखनात वा बोलण्यात अडचण असणाऱ्या मुलांसाठी देवासच्या आपल्या शाळेने कोणती साधने घ्यावीत, हा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. म्हणून या अंकात लुई ब्रेल यांचे चरित्र देत आहे.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे गावी झाला. वडील खोगिरे बनवीत. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या आरीने डोळ्याला इजा झाली व पुढे दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी ते पॅरिसच्या अंधशाळेत आले. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावाने छापलेली असत. डोळसांना ती सुरेख दिसत. मुलांना मात्र एकेक अक्षर चाचपावे लागे, आणि स्वतः लिहिणे तर दूरच! शार्ल बार्बिए यांची बारा टिंबांची लिपी आली, पण तिचे चिन्ह एका बोटाखाली मावेना. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, लुईने सहा टिंबांत काम भागवले.

पुढे ते तेथेच शिक्षक झाले. १८४० च्या सुमारास संचालकांनी ही लिपी बंद केली, तरी मुले चोरून लिहीत राहिली. (आम्हा मुख्याध्यापकांनी हे विसरू नये.) ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल क्षयाने वारले. शाळेने त्यांची लिपी स्वीकारली ती १८५४ मध्ये. आज मराठी-हिंदीही याच सहा टिंबांत लिहितात.

मंडळाला माझी विनंती आहे की, खरेदीपूर्वी प्रत्येक साधन आठवडाभर त्या मुलांच्याच हाती द्यावे.