बोटांना वाचायला शिकविणारा लुई ब्रेल

लुई ब्रेल हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण अंधांची लिपी तयार करणारा हा माणूस पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे, हे आम्हालाही उशिराच कळले.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवीत. तीन वर्षांचा असताना त्यांच्या कामाच्या खोलीत खेळताना टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, दुसऱ्याही डोळ्याला बाधली आणि पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्ण अंध झाला. गावचे धर्मगुरू फादर पालुई यांनी त्याला शिकविले. १८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला.

तेथील पुस्तके डोळसांच्या कल्पनेने केलेली होती. नेहमीचीच अक्षरे, फक्त मोठी आणि उठावाची. एकेक अक्षर चाचपेपर्यंत आधीचे विसरायला होई! पुढे शार्ल बार्बिए या माजी सेनाधिकाऱ्याने बारा टिंबांची लिपी शाळेला दाखविली. पण बारा टिंबे एका बोटाखाली मावत नव्हती. लुईने ती सहावर आणली. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी! आज मराठीही याच सहा टिंबांत वाचली जाते.

बोटाने वाचणाऱ्याच्या डोक्यात काय घडते, हे मात्र त्याला कळणे शक्य नव्हते. पाहण्याचे काम मेंदूच्या मागच्या भागाकडे असते. दृष्टी गेल्यावर तो भाग पडीक राहत असेल, असे आम्ही समजत होतो. १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांना, लहानपणापासून अंध असलेली माणसे ब्रेल वाचताना तोच भाग कामाला लागलेला दिसला. २००० साली एका जन्मांध बाईची हकिकत प्रसिद्ध झाली. मेंदूच्या झटक्याने तिचा हाच भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. टिंबे बोटाला लागत, पण आयुष्यभर सराईतपणे वाचलेले ब्रेल तिला वाचता येईना. लहान वयात मेंदू असा बदल अधिक सहज करतो. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांनाही ब्रेल शिकता येते, चिकाटी मात्र जास्त लागते.

लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. क्षयाने ६ जानेवारी १८५२ रोजी तो वारला. त्याच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. १९५२ साली फ्रान्सने त्याचे अवशेष सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. हात मात्र कूव्रेच्या दफनभूमीतच ठेवले आहेत.