रामदेवराव यादव आणि मिठाची पोती

माझ्या मामाचे गाव सिन्नर. सातपूरहून आम्ही सुट्टीत एसटीने जातो. तिथे गोंदेश्वराचं मोठं दगडी देऊळ आहे, यादवांच्या काळातलं. सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी. पुढे भिल्लम राजाने ती देवगिरीला नेली. त्याच घराण्यातल्या रामदेवरावाची हकीकत मी लिहीत आहे.

रामदेवराव १२७१ साली गादीवर बसला. त्याचे वडील कृष्णदेव राजे होते, पण ते वारल्यावर गादी काका महादेवाकडे गेली आणि नंतर काकाच्या मुलाकडे, आमणाकडे. रामदेवाने आमणाला पकडून त्याचे डोळे काढले. हे वाचून मला राजा आवडेनासाच झाला होता. पण मराठीला त्याच्या राज्यात चांगले दिवस आले. हेमाडपंत त्याचा प्रधान. १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तिच्या शेवटी या राजाचे नाव आहे.

आणि मग १२९६ साल उजाडलं. अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक देवगिरीवर आला. मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे अशी आवई त्याने उठवली. राजपुत्र शंकरदेव सगळं सैन्य घेऊन लांब गेलेला. राजा गडावर चढला आणि दरवाजे लावून घेतले. देवगिरीचा तो कडा बघितला तर कळेल, वर चढून गड घेणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. घाईघाईने वाटेवरच्या व्यापाऱ्यांची पोती वर चढवली होती. शंकरदेव परत आला, लढला, पण हरला. तरी राजा गड लढवणार होता. मग पोती सोडली तर काय! धान्य नाहीच, आत सगळं मीठ. असं जुन्या बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. मीठ खाऊन का माणसं जगतात? राजाने तह केला. सोनं, मोती, हत्ती सगळं गेलं.

माझ्या आजीला ही गोष्ट सांगितली तर ती आधी हेच म्हणाली, की पोतं वर नेण्याआधी हात घालून बघायचं होतं. ती दुकानातून आणलेली पिशवी घरी येताच सोडून बघते.

आमच्या वर्गात काही मुलं राजाला भित्रा म्हणाली. मला नाही तसं वाटत. गडावर बायकामुलं उपाशी मारली असती तर तो शूर ठरला असता काय? पण पुढचं मला खटकतं. खंडणी थांबली म्हणून मलिक काफूर आला आणि राजाला दिल्लीला घेऊन गेला. सुलतानाने मान दिला, रायरायान किताब दिला, राज्यही परत दिलं. नंतर काफूर वरंगळवर गेला तेव्हा रामदेवाने त्याला मदत केली.

१३११ च्या सुमारास रामदेवराव वारला. शंकरदेवाने खंडणी बंद केली, तर काफूरने त्याला ठार मारलं. १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं. गोंदेश्वराचं देऊळ मात्र सिन्नरला अजून उभं आहे.