ब्राउनी वाइज

ब्राउनी मे वाइज (माहेरचे आडनाव : हम्फ्री, जन्म : ब्यूफर्ड, जॉर्जिया, २५ मे १९१३, मृत्यू : किसिमी, फ्लोरिडा, २४ सप्टेंबर १९९२) या अमेरिकन विक्रीतज्ज्ञ व उद्योग-व्यवस्थापक होत्या. टपरवेअर या प्लॅस्टिकच्या भांड्यांच्या कंपनीची विक्रीव्यवस्था त्यांनी घरगुती मेळाव्यांच्या पायावर उभी केली. घराघरांतील बायकांच्या बैठकींचे त्यांनी राष्ट्रव्यापी बाजारपेठेत रूपांतर केले. १९५४ मध्ये बिझनेस वीक या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. मात्र कंपनीत त्यांची मालकी नव्हती. १९५८ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यानंतर कित्येक वर्षे कंपनीच्या इतिहासात त्यांचे नाव आढळत नव्हते.

बालपण आणि कौटुंबिक जीवन

ब्राउनी यांचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात एका कष्टकरी कुटुंबात झाला. वडील नळजोडणीचे काम करीत. आई टोप्या बनविण्याच्या व्यवसायात होती व कामगार संघटनेचे कार्य करी. आईवडील विभक्त झाल्यानंतर आईला संघटनेच्या कामासाठी सतत फिरावे लागे, त्यामुळे ब्राउनी यांचे बालपण बरेचसे मावशीच्या घरी भावंडांच्या गोतावळ्यात गेले. त्यांचे शालेय शिक्षण आठवीनंतर थांबले. किशोरवयात आईबरोबर कामगारांच्या सभांतून त्यांनी भाषणे केली. श्रोत्यांना आपलेसे करण्याची कला त्या शाळेबाहेरच शिकल्या.

१९३६ मध्ये टेक्सास राज्याच्या शताब्दी प्रदर्शनात त्यांची रॉबर्ट वाइज यांच्याशी ओळख झाली व त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. पुढे हे दांपत्य मोटारउद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइट परिसरात राहू लागले. त्यांना एक मुलगा झाला. संसार मात्र सुखाचा झाला नाही आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी घटस्फोट झाला. वाइज यांनी पुन्हा विवाह केला नाही.

याच काळात डेट्रॉइट न्यूज या वृत्तपत्राच्या वाचकांच्या सदरात त्या हिबिस्कस, म्हणजे जास्वंद, या टोपणनावाने लिहीत. त्या पत्रांतील घर टुमदार व सुखी होते. प्रत्यक्षातील जीवन आणि कागदावरील घर यांतील हे अंतर लक्षणीय आहे. सामान्य गृहिणीच्या मनात सुखी घराचे कोणते चित्र असते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. पुढील आयुष्यात त्यांनी भांड्यांबरोबर हे चित्रही विकले, असे म्हणता येईल.

विक्रीक्षेत्रात प्रवेश

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाइज एका विमानउद्योग कंपनीत सचिव म्हणून काम करीत होत्या. मुलाचा व आईचा भार त्यांच्यावर होता. जोडउत्पन्न हवे म्हणून त्या स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स या कंपनीचा घरसफाईचा माल विकू लागल्या. ही कंपनी दारोदार फिरण्याऐवजी एखाद्या गृहिणीच्या घरी शेजारणींना जमवून तेथे मालाचे प्रात्यक्षिक दाखवी. घरगुती मेळाव्याची कल्पना त्यामुळे वाइज यांची नव्हती. त्यांनी ती उचलली, सुधारली आणि कळसाला नेली.

स्टॅन्लीमध्ये त्यांची विक्री झपाट्याने वाढली. वरिष्ठ पदाची आकांक्षा त्यांनी बोलून दाखविली, तेव्हा व्यवस्थापन हे स्त्रियांचे क्षेत्र नव्हे, अशा आशयाचे उत्तर कंपनीप्रमुखांकडून मिळाल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर त्यांचे लक्ष दुसऱ्या मालाकडे वळले.

टपरवेअरशी संबंध

रसायनतंत्राची आवड असलेले संशोधक अर्ल टपर (१९०७–१९८३) यांनी पॉलिथिलीनपासून हलकी, न फुटणारी व लवचिक भांडी तयार केली होती. रंगाच्या डब्याचे झाकण ज्या तत्त्वावर घट्ट बसते, त्याचाच उपयोग करून त्यांनी हवाबंद झाकण बनविले. झाकणाची कड किंचित उचलून मध्यभाग दाबला की आतील हवा बाहेर पडे. तान्ह्या बाळाला ढेकर काढावा, तशी ही क्रिया असल्याने तिला तेच नाव पडले.

भांडी उत्तम असली तरी दुकानांत ती धूळ खात पडली होती. प्लॅस्टिकविषयी ग्राहकांना विश्वास नव्हता आणि झाकण कसे लावावे, हेही त्यांना उमगत नसे. ही वस्तू हातात देऊन शिकविल्याखेरीज विकली जाणार नाही, हे वाइज यांनी ओळखले. १९४९ च्या सुमारास त्या टपरवेअर घेऊन मेळावे भरवू लागल्या व १९५० मध्ये आई आणि मुलासह फ्लोरिडाला गेल्या. तेथेही त्यांनी विक्रेत्या स्त्रियांचे जाळे विणले. कारखान्याकडून माल वेळेवर येत नसे. अखेर १९५१ मध्ये त्यांनी थेट टपर यांना दूरध्वनी करून तक्रार केली. दुकानांपेक्षा या बाईंची विक्री कितीतरी अधिक आहे, हे टपर यांच्या ध्यानात आले. त्यांनी दुकानांतून माल काढून घेतला, टपरवेअर होम पार्टीज ही स्वतंत्र शाखा स्थापन केली आणि वाइज यांना तिच्या उपाध्यक्षपदी नेमले.

मेळाव्याची पद्धती

टपरवेअर मेळाव्यात तीन प्रकारच्या व्यक्ती असत : घर देणारी यजमानीण, माल दाखविणारी विक्रेती आणि निमंत्रित शेजारणी व मैत्रिणी. यजमानीण पाहुण्यांना बोलावी व फराळाची व्यवस्था करी. विक्रेती आधी तिला भेटून किती जणींना बोलवावे व बैठक कशी मांडावी, याविषयी सल्ला देई. आरंभी हलकेफुलके खेळ होत, छोटी बक्षिसे वाटली जात आणि संकोच दूर झाल्यावर प्रात्यक्षिक सुरू होई. भांड्यात पातळ पदार्थ भरून, झाकण लावून ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला फेकून दाखविण्याची युक्ती विशेष गाजली. त्यानंतर मागण्या नोंदविल्या जात. यजमानिणीला विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू मिळे. निघण्यापूर्वी एखादी पाहुणी स्वतःच्या घरी मेळावा भरविण्यास तयार होई आणि अशा रीतीने एका मेळाव्यातून दुसरा जन्माला येई.

विवाहपूर्व भेटसमारंभ आणि विक्रीमेळावा

अमेरिकेत विवाहापूर्वी वधूच्या मैत्रिणी व नातलग स्त्रिया एकत्र जमून तिला संसारोपयोगी वस्तू देतात. या समारंभाला ब्राइडल शॉवर, म्हणजे वधूवरील भेटींचा वर्षाव, असे म्हणतात. आपल्याकडील केळवणाशी त्याचे काही साम्य आहे, परंतु केळवणात जेवणाला महत्त्व असते, तर येथे भेटवस्तूंना. केवळ स्वयंपाकघरातील वस्तू देण्याचे समारंभही तेथे रूढ आहेत. पाहुण्या, प्रसंग आणि वस्तू या तिन्ही बाबी सारख्याच असल्याने विक्रीमेळावा व भेटसमारंभ यांची सांगड सहज बसते.

अशा जोडसमारंभात निमंत्रित स्त्रिया स्वतःसाठी खरेदी करतात किंवा वधूसाठी मागणी नोंदवितात. यजमानिणीला मिळणारी भेट बहुधा वधूला दिली जाते, त्यामुळे विक्री वाढली की वधूच्या स्वयंपाकघरात भर पडते. यासाठी पूर्वतयारी काटेकोर असावी लागते. वधूला हव्या असलेल्या वस्तूंची यादी आधी केल्यास एकच डबा चौघींकडून येत नाही. मागणी नोंदविल्यानंतर माल येण्यास अवधी लागत असल्याने विवाहाच्या कित्येक आठवडे आधी दिवस ठरवावा लागतो. सर्वांत नाजूक बाब निमंत्रणाची असते. समारंभात विक्री होणार आहे, हे आमंत्रणातच स्पष्ट न केल्यास पाहुण्यांना फसविल्यासारखे वाटते. शिवाय मैत्रिणीच्या विवाहाच्या प्रसंगी खरेदीला नकार देणे अवघड जाते. आपुलकी आणि भिडेखातर झालेला खर्च यांतील सीमारेषा येथे पुसट होते. घरगुती मेळाव्याचे बलस्थान आणि त्यावरील मुख्य आक्षेप ही एकाच नात्याची दोन रूपे आहेत.

कंपनीतील नेतृत्व

फ्लोरिडातील किसिमी या गुरांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाजवळ कंपनीने विस्तीर्ण जागा घेऊन मुख्यालय उभारले. देशभरातील विक्रेत्या स्त्रियांना वाइज पत्रे लिहीत आणि त्यांच्या यशाची जाहीर दखल घेत. त्या काळी घरकामाचे कौतुक क्वचितच होई, आणि युद्धकाळात कारखान्यांत कमावत्या झालेल्या अनेक स्त्रियांना शांतता होताच घरी परतावे लागले होते. अशा स्त्रियांना स्वतःचे उत्पन्न, व्यासपीठ आणि टाळ्यांचा कडकडाट मिळू लागला.

जयंती या अर्थाच्या ज्युबिली या नावाने भरणारी वार्षिक संमेलने हा या व्यवस्थेचा परमोच्च बिंदू होता. १९५४ च्या संमेलनात मुख्यालयाच्या आवारात मौल्यवान वस्तू पुरून ठेवण्यात आल्या आणि शेकडो विक्रेत्या स्त्रियांनी फावडी घेऊन त्या खणून काढल्या. खेळण्यातील मोटार सापडल्यास तिच्या बदली खरी मोटार मिळे.

तथापि या व्यवस्थेलाही मर्यादा होत्या. विक्रेतीचे काम स्त्रिया करीत, पण वितरकपद सामान्यतः पतिपत्नींना जोडीने दिले जाई. पत्नीची विक्री वाढली की पती नोकरी सोडून व्यवसायात येई आणि हिशेब व गोदाम सांभाळी. या रचनेच्या शिखरावर मात्र एक घटस्फोटित, एकट्याने मुलाला वाढविणारी स्त्री होती.

पदच्युती

टपर हे एकांतप्रिय होते, तर वाइज या प्रसिद्धीच्या झोतात वावरत. प्रारंभी ही विभागणी दोघांनाही सोयीची होती. वृत्तपत्रांनी कंपनीच्या यशाचे श्रेय भांड्यांपेक्षा वाइज यांना अधिक दिले, तसा टपर यांच्या मनात दुरावा वाढला. खर्च आणि निर्णयांवरून खटके उडू लागले. १९५७ च्या संमेलनात बेटावर योजलेली मेजवानी वादळी पावसात सापडली. नावांचे अपघात होऊन काही पाहुणे जखमी झाले. याच वर्षी वाइज यांचे बेस्ट विशेस, ब्राउनी वाइज हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते.

जानेवारी १९५८ मध्ये त्यांना पदावरून काढण्यात आले. कंपनीत त्यांचा एकही समभाग नव्हता आणि राहते घरही कंपनीच्या मालकीचे होते. त्यांनी दावा दाखल केला. अखेर सुमारे ३०,००० डॉलर, म्हणजे साधारण एका वर्षाच्या वेतनाएवढ्या रकमेवर तडजोड झाली. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी रेक्सॉल या औषधकंपनीला विकली. या व्यवहाराची रक्कम सर्वसाधारणपणे १ कोटी ६० लाख डॉलर सांगितली जाते. वाइज यांना त्यातील काहीही मिळाले नाही. कंपनीच्या प्रकाशनांतून त्यांचे नाव व छायाचित्रे वगळण्यात आली.

उत्तरायुष्य

वाइज यांनी त्यानंतर सौंदर्यप्रसाधनांची घरगुती मेळाव्यांतून विक्री करणारा सिंड्रेला नावाचा उद्योग काढला, परंतु तो अल्पजीवी ठरला. इतर प्रयत्नांनाही पूर्वीचे यश लाभले नाही. त्या किसिमी परिसरातच राहिल्या आणि मातीकामासारख्या कलांत रमल्या. १९९२ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा आणि मूल्यमापन

वाइज यांची कागदपत्रे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासविषयक राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेली आहेत. ॲलिसन क्लार्क यांचा १९९९ मधील अभ्यासग्रंथ, २००४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर प्रसारित झालेला माहितीपट आणि बॉब कीलिंग यांचे चरित्र यांमुळे त्यांचे कार्य पुन्हा प्रकाशात आले. कंपनीनेही कालांतराने त्यांचे योगदान मान्य केले.

टपरवेअरने १९९६ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला. महाराष्ट्रातील शहरांतही सोसायट्यांच्या दिवाणखान्यांतून असे मेळावे भरू लागले. पुढे टपरवेअर हा शब्द अनेक मराठी घरांत झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यासाठी सामान्यनाम म्हणून रुळला. बदललेली बाजारपेठ व वाढते कर्ज यांमुळे सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीविषयक संरक्षणासाठी अर्ज केला.

वाइज यांच्या कार्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते त्यांनी मैत्री व शेजारधर्म यांना व्यापाराच्या दावणीला बांधले आणि स्त्रीला स्वयंपाकघराच्या चौकटीतच ठेवले. इतरांच्या मते औपचारिक शिक्षण वा अनुभव नसलेल्या हजारो स्त्रियांना त्यांनी उंबरठ्याच्या आतूनच अर्थार्जनाची वाट दाखविली. या दोन्ही मतांत तथ्य आहे. स्त्रियांचे परस्परसंबंध, आतिथ्य आणि बोलण्यातील कौशल्य यांना आर्थिक मोल आहे, हे त्यांनी सिद्ध केले. त्या मोलाची मालकी मात्र कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर राहिली आणि त्याची झळ सर्वप्रथम त्यांनाच बसली.